डाव्या गालाची लाली

माणसाने आजारी पडावं, याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती बरं होण्याबद्दल. आजारी पडायला कुणाची परवानगी लागत नाही, पण बरं व्हायला मात्र आमच्या पाणीपुरवठा खात्यात डॉक्टरांची सही लागते आणि त्या सहीवर शिक्का लागतो. टायफॉइडने मला आधी एकदा आडवा केला, मग मी उठून बसतोय असं पाहून पुन्हा आडवा केला. घरी आलो तेव्हा कंबरेला एकही विजार थांबायला तयार नव्हती. तरी ताप गेला होता, भूक लागत होती, आणि दिवसभर पलंगावर पडून छताच्या पोपड्यांमध्ये साहेबांचा चेहरा शोधण्याचाही कंटाळा आला होता. म्हणजे माझ्या दृष्टीने मी बरा होतो.

घाई करायला कारण होतं. बिलांच्या तक्रारी विभागात खिडकीशेजारची खुर्ची माझी. ती मिळण्यासाठी माझ्या आधीचे दोघे निवृत्त व्हावे लागले आणि तिसऱ्याची बदली व्हावी लागली. मी आजारी पडलो आणि तिच्यावर माझा सहायक ‘तात्पुरता’ बसला. या सहायकाला ऑफिसात सगळे गोंद म्हणतात, कारण तो बसला की सुटत नाही. हा गोंद मला रोज फोन करायचा. “तुम्ही मुळीच घाई करू नका हं,” म्हणायचा. “तब्येत आधी. इथे मी आहे ना!” तो तिथे आहे, हेच तर माझं दुखणं होतं. महिनाअखेरपर्यंत ‘कामास योग्य’ असा दाखला दिला नाही तर खातं माणसाला ‘हलकं काम’ देतं. हलकं काम म्हणजे तळघरात, जिथे बाद झालेले मीटर ठेवतात तिथे बसून त्यांच्यावर लक्ष ठेवणं. आजवर हलक्या कामाला खाली गेलेला माणूस पुन्हा वर आल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

आता खात्याचे डॉक्टर. ते नाडी बघत नाहीत, नळी लावत नाहीत, जीभ बाहेर काढायला सांगत नाहीत. टेबलापलीकडून नुसते चेहऱ्याकडे बघतात. “नाडी खोटं बोलेल, रिपोर्ट खोटे बोलतील, चेहरा बोलत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून त्यांचं नाव पडलं पारखी डॉक्टर. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, ताठ. त्यांनी चष्मा वर केला, मला बघितलं, चष्मा खाली केला.

“चेहऱ्यावर रक्त नाही,” ते म्हणाले.

“पण साहेब, मला बरं वाटतंय.”

“ते तुम्हाला वाटतंय. चेहऱ्याला वाटत नाहीये. पुढच्या आठवड्यात या. नाहीतर हलकं काम लिहून देऊ का?”

मी नको नको म्हणत उलट्या पावली बाहेर आलो.

घरी येऊन आरशात बघितलं. डॉक्टरांचं चुकत नव्हतं. शिळ्या पिठाचा गोळा असतो तसा रंग, आणि गालांच्या जागी दोन खळगे. बायको मागे उभी होती. तिचा चेहरा कसा छान टवटवीत! मी तिला म्हटलंही, “तुझं बरं आहे. दवाखान्यात मी वाळत होतो आणि तू फुलत होतीस.” ती सूप आणायला आत गेली. या आजारात तिने माझ्याशी भांडण म्हणून केलं नव्हतं, आणि ते मला फार जड जात होतं. भांडण नसलं की माणसाला आपण फार दिवसांचे सोबती नाही असं वाटायला लागतं.

आमच्या इमारतीत बातमीला जिना चढायला वेळ लागत नाही. समोरचे विमावाले आले. ते कुणालाही भेटायला आले की आधी त्याची पॉलिसी चालू आहे का ते विचारतात, मग तब्येत विचारतात. त्यांनी बीटाचा रस सांगितला. मी आठवडाभर बीट प्यायलो. लाल झालं ते जे व्हायचं ते, पण चेहरा नव्हे. शेवटी आली तळमजल्यावरची पार्लरवाली ताई. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, भाजीवालीने भोपळा बघावा तसा, आणि म्हणाली, “भाऊजी, रक्त यायला महिने लागतात. ब्लश लावायला दोन मिनिटं लागतात.”

मी म्हटलं, “मी पुरुष आहे.”

“म्हणूनच दोन मिनिटं म्हटलं. बाईला पाच लागतात.”

मी बराच वेळ विरोध केला. माझ्या घराण्यात पावडरसुद्धा फक्त कॅरमबोर्डवर पडते. पण डोळ्यांसमोर तळघर आलं, मीटर आले, आणि माझ्या खिडकीतून बाहेर बघणारा गोंद आला. मी खुर्चीत बसलो.

“लावलंय असं कळता कामा नये,” ताई म्हणाली. “माणूस नुकताच फिरून आलाय, एवढंच वाटलं पाहिजे. आता हसा. हसल्यावर गालाचा जो उंचवटा वर येतो ना, तिथून सुरुवात करायची.”

मी हसलो.

“हसा की!”

“हसलोय.”

तिने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, “ते असेच हसतात.” उंचवटा काही आला नाही. मग ताईने अंदाजाने जागा धरली. ब्रश डबीत टेकवला, झटकला, गालावर फिरवला. माझ्या पिवळट कातडीला गुलाबी नको, जर्दाळूसारखा रंग हवा, असं तिचं म्हणणं. थोडं थोडं चढवायचं आणि कानशिलाकडे वर नेत विरवत जायचं. एकदम थापलं तर जत्रेतला विदूषक होतो. एवढं शास्त्र सांगून तिने मला आरसा दिला, तर आरशात विदूषकच होता.

तेव्हा बायकोने तिच्या हातातून ब्रश घेतला. मला खिडकीपाशी नेलं, कोरड्या कापसाने अर्धं उतरवलं, बोटाच्या टोकाने कडा पुसट केल्या, आणि मी आरशात बघतो तो काय, मी! टायफॉइडच्या आधीचा. उगाच कुणीतरी महिनाभर झोपवून ठेवलेला, पण आतून धडधाकट.

“वहिनी, हात बसलाय हो तुमचा,” ताई म्हणाली. मग दोघी एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. माझं रूप बघून त्यांना बोलवत नसेल, अशी मी समजूत करून घेतली. बायकोच्या हातात कला आहे हे मला ठाऊकच होतं. मागे तिने घरातली दोन स्टुलं अशी रंगवली होती की पाहुणे टेकायला बिचकायचे.

पारखी डॉक्टरांकडे मी फार लवकर पोचलो. बाहेर बाकावर माणसांची रांग, पंखा फिरतोय की लटकतोय ते कळत नव्हतं. अशक्त माणसाला बाक दिसला की झोप येते. मी उजवा गाल उजव्या हातावर टेकला, ‘नुसते डोळे मिटतो’ असं स्वतःला सांगितलं आणि गाढ झोपलो. शिपायाने हाक मारली तेव्हा दचकून उठलो आणि तसाच आत गेलो.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. तो वरच राहिला.

“डावा गाल लाल आहे,” ते हळूच म्हणाले. “उजवा पांढरा.”

मी नमस्कारासाठी हात जोडायला गेलो आणि तिथेच सगळं फसलं. उजव्या तळव्यावर जर्दाळूचा रंग छान उमटला होता. डॉक्टर खुर्चीवरून उठले. त्यांना खुर्चीवरून उठलेलं आमच्या खात्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

“डावा गाल लाल आणि उजवा तळवा लाल! उलट बाजू! दुखतं का?”

“नाही.”

“जळजळ?”

“नाही हो, साहेब.”

“मग तर गंभीर आहे,” ते म्हणाले. आवाजात काळजी कमी आणि आनंद जास्त होता. खरं सांगून टाकावं असं क्षणभर मनात आलं. पण दार उघडं होतं, दारात शिपाई होता, आणि शिपाई गोंदाचा शाळेतला वर्गमित्र. ‘मी गालांना ब्लश लावून आलो’ हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडेना. डॉक्टरांनी केसपेपरवर डावा गाल, उजवा तळवा, सगळं सविस्तर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मला ‘निरीक्षणाखाली’ ठेवण्यात आलं. निघताना म्हणाले, “पुसू नका, चोळू नका. पुढच्या वेळी मला हे असंच बघायचंय.”

घरी येताना तो एक लाल गाल घेऊन मी जिना चढत होतो, आणि वरून विमावाले उतरत होते. ते थांबले. त्यांनी गाल बघितला. मग माझ्या घराच्या दाराकडे बघितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते फार हळुवारपणे म्हणाले, “वहिनींनाही ताण असतो हो. मनावर घेऊ नका.”

“अहो, तसं काही नाही!”

“आमच्याकडेही होतं कधी कधी,” ते म्हणाले आणि उतरून गेले.

संध्याकाळपर्यंत इमारतीत सगळ्यांना कळलं की वहिनींचा हात चालतो. जिन्यात बायका माझ्याकडे दयेने आणि तिच्याकडे आदराने बघायला लागल्या. पाण्याच्या टाकीवरून तिच्याशी वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आपण होऊन पाणी आधी तिला भरू दिलं. बायको घरात येऊन डोकं धरून बसली. “अहो, मी तुम्हाला कधी बोट तरी लावलंय का?” मी म्हटलं, पाणी मिळतंय तर कशाला खुलासा करतेस. त्यावरही ती भांडली नाही, आणि माझी काळजी आणखी वाढली.

खरी पंचाईत पुढे होती. ताई, बायको आणि मी अशी तिघांची बैठक भरली. दोन्ही गाल लाल करून जावं, तर डॉक्टर म्हणणार रोग पसरला. काहीच न लावता जावं, तर आधीचाच पांढरा चेहरा, शिवाय लाली पळाली कुठे हा प्रश्न. ताईने तोडगा काढला. “एकदम घालवायची नाही. रोज जरा जरा उतरवत आणायची. डाव्या गालावरची कमी करायची, उजव्यावर नखभर चढवायची. दोन्ही मधे कुठेतरी भेटली की तुम्ही बरे.” एखादा कर्जबाजारी देश सुधारतात तशी ही योजना होती. यात तळवाही धरायचा होता. रोज सकाळी बायको मला खिडकीपाशी बसवायची, केसपेपरवर लिहिलेला गाल गालावर करायची, मग तळवा रंगवायची. तो तळवा घेऊन मला दिवसभर कशालाही हात लावता यायचा नाही. मी डाव्या हाताने जेवायला शिकलो. माझ्या वयात एखादी नवीन विद्या येणं चांगलंच, पण या कारणासाठी नको होती.

आणि मी दमत होतो. आजाराने दमलो नव्हतो इतका या बरं होण्याने दमलो. खुर्ची असू दे त्याच्याकडे, तळघरात निदान अंधार तरी असतो, तिथे कुणी चेहरा बघत नाही, असंही एकदोनदा मनात येऊन गेलं. तेवढ्यात गोंदाचा फोन यायचा. त्याने माझ्या टेबलाची दिशा बदलली होती. “उजेड डावीकडून आला की बरं पडतं,” तो म्हणाला. मी पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसायचो आणि बायकोला म्हणायचो, लाव.

पारखी डॉक्टरांना मी ठरल्याप्रमाणे बरा होताना दाखवला. लाली डावीकडून ओसरत होती, उजवीकडे उगवत होती. एखादा सरळ माणूस खूश होऊन दाखला देऊन मोकळा झाला असता. हे म्हणाले, “लाली सरकतेय! हे एकट्याचं काम नाही.” आणि त्यांनी मला खात्याच्या वैद्यकीय मंडळापुढे उभं करायचं ठरवलं. महिना संपत आला होता. मंडळाने दाखला दिला तर खुर्ची, नाहीतर मीटर.

बायको बरोबर आली. “एकट्याला पाठवायचं नाही, वाटेत झोपता तुम्ही,” असं म्हणाली. त्या सकाळी तिने बरोबर मधली लाली जमवून आणली होती, दोन्ही गाल अगदी सारखे. मंडळात तीन जण होते: मधे आमचे पारखी डॉक्टर, एका बाजूला एक वयस्कर डॉक्टर, जे पेंगत होते, आणि दुसऱ्या बाजूला त्वचेच्या डॉक्टरीणबाई. पारखी डॉक्टरांनी उभं राहून माझ्या गालांचा इतिहास सांगितला. डॉक्टरीणबाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्या उठल्या, मला खिडकीपाशी घेऊन गेल्या, बाटलीतल्या पाण्याने कापूस भिजवला आणि माझा डावा गाल पुसला.

त्यांनी कापसाकडे बघितलं. मी बाहेरच्या झाडाकडे बघितलं.

“कुणी लावलं?” त्यांनी एवढ्या हळू विचारलं की फक्त मलाच ऐकू आलं.

“बायकोने,” मी म्हटलं. अशा वेळी माणसाला खरं तेच सुचतं. “दाखला मिळावा म्हणून. खुर्ची जाते हो माझी.”

त्या हसतील असं वाटलं होतं, ओरडतील असंही वाटलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. माझी नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नळी लावली, रक्ताचा रिपोर्ट वाचला. इतक्या दिवसांत मला हात लावून तपासणारं पहिलं माणूस. “तुम्ही बरे आहात,” त्या म्हणाल्या. “चेहरा मागून येईल.” आणि मग त्या वळल्या. दाराजवळच्या खुर्चीवर माझी पिशवी मांडीवर घेऊन बायको बसली होती. डॉक्टरीणबाई तिच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

“बाई, जरा उजेडात या.”

“मी? मला काही झालेलं नाही.”

“या तर.”

त्यांनी दुसरा कापूस भिजवला आणि बायकोचा गाल पुसला. कापसावर जर्दाळूचा रंग आला. आणि त्याच्याखालून जो चेहरा निघाला तो मी कधी बघितलेला नव्हता. माझ्या शिळ्या पिठापेक्षा पांढरा, डोळ्यांखाली काळं. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढली, नखं बघितली आणि विचारलं, “कधीपासून लावताय?”

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, “हे दवाखान्यात होते तेव्हापासून. जाग आली की पहिला माझाच चेहरा दिसायचा ना यांना. म्हटलं, घाबरायचे.” मग म्हणाली, “ताईकडून शिकून घेतलं. तिला म्हटलं होतं, बोलू नकोस.”

“चक्कर येते?”

“जिना चढताना. फार नाही.”

मी तिथे उभा होतो. ‘तू फुलत होतीस’ हे माझंच वाक्य माझ्या कानात वाजत होतं, आणि ते मी एकदा नाही, सूप प्यायल्यावर जवळजवळ रोज ऐकवलं होतं. ती भांडत नव्हती कारण तिच्यात भांडायला त्राण नव्हतं, आणि मी ते माझ्याच आजाराचं लक्षण समजत होतो. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. गळ्यापासून कपाळापर्यंत काहीतरी सरसर चढत गेलं.

“अरे वा!” पारखी डॉक्टर ओरडले. पेंगणारे डॉक्टर दचकून जागे झाले. “बघा, बघा! दोन्ही गाल! सारखे! असा रंग हवा होता मला. नैसर्गिक!” त्यांनी टेबलावरून शिक्का ओढला आणि माझ्या कागदावर आपटला. “कामास योग्य. उद्यापासून हजर व्हा.”

“साहेब,” मी म्हटलं, “मला आणखी पंधरा दिवस रजा मिळेल का?”

“या चेहऱ्याला? शक्यच नाही.”

अशा रीतीने मी कामास योग्य ठरलो. डॉक्टरीणबाईंनी बायकोला गोळ्या लिहून दिल्या, रक्त तपासायला सांगितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना खरी विश्रांती द्या, घरात ओझं उचलू देऊ नका, आणि हो, जरा बघत जा यांच्याकडे. मी मान हलवली. खुर्ची परत मिळाली होती, पण तिचं मला वाटायला हवं होतं तितकं काही वाटेना. गोंदाचा फोन आला. मी घेतला नाही.

इमारतीपाशी आलो तेव्हा मी पिशवी तिच्या हातातून घेतली. ती सोडेना. “तुम्हाला धाप लागते.”

“मी कामास योग्य आहे,” मी म्हटलं. “शिक्का आहे माझ्याकडे.”

जिन्यात विमावाले भेटले. त्यांनी आधी माझा पुसलेला गाल बघितला, मग तिचा. दोघांचे चेहरे उतरलेले, दोघांच्या गालांवर ओल्या कापसाचे पट्टे. बरोबरीत सुटलं असं त्यांना वाटलं असावं. ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि आम्हाला वाट दिली.

पहिल्या मजल्यानंतरच्या वळणावर माझ्या पायांनी संप केला. मी पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसलो. ती माझ्या शेजारी बसली.

“दमलात?”

“छे. तू दमली असशील म्हणून थांबलो.”

“मी नाही दमले,” ती म्हणाली. “तुम्ही बसलात म्हणून बसले.”

मग आम्ही दोघंही, अजिबात न दमता, त्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो.